लेफ्ट बॅकचं बिऱ्हाड

जून लागला की संपदाच्या हातांना स्वस्थता नसे. कुणी सांगितलेलं नसताना ती कपाटं उपसायला घ्यायची, मुलीचे, इराचे, आखूड झालेले स्वेटर बाजूला काढायची, डब्यांमधली डाळ किती उरलीय ते बघून ठेवायची. जूनमध्ये एजंटचा फोन येतो आणि त्यानंतर घर हलतं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरातल्या या भाड्याच्या घरात आता तीन वर्षं झाली होती. इतकी वर्षं ते एका जागी कधीच राहिले नव्हते, आणि नेमकं तेच तिला टोचत होतं.

फोन यायचा तो तिच्या नवऱ्याला. एलोय बार्सेना, स्पॅनिश, वय सदतीस, पेशाने फुटबॉलपटू. जागा लेफ्ट बॅक. लग्नाआधी संपदाच्या वडिलांनी, प्रमोदरावांनी, ही जागा समजून घ्यायचा मनापासून प्रयत्न केला होता. "डावीकडे आणि मागे? म्हणजे कोपऱ्यातच की," ते म्हणाले होते. आईची, नीताताईंची, अडचण वेगळीच होती. एलोयला 'संपदा' म्हणता येईना, तो 'संपा' म्हणायचा. "अगं, जावई घरात शिरल्या शिरल्या 'संपा, संपा' करतो, बरं दिसतं का ते?"

एलोय सान्तोन्याचा. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं ते मासेमारीचं गाव. वडील बोटीवर, आई कारखान्यात. बोटाएवढे मासे हाताने साफ करून डब्यांत रचायचे, हे तिचं आयुष्यभराचं काम. मुलगा डावखुऱ्या पायाचा निघाला. तशी मुलं कमी सापडतात, म्हणून चौदाव्या वर्षीच एका मोठ्या क्लबने त्याला उचलून आपल्या वसतिगृहात ठेवलं. तेव्हापासून तो सान्तोन्याला पाहुण्यासारखाच जायचा.

बाविसाव्या वर्षी त्याला पहिल्या श्रेणीतला सामना मिळाला. पहिला लेफ्ट बॅक दुखापतीने घरी, दुसरा मैदानात लंगडायला लागलेला, म्हणून तिसऱ्याला बोलावणं आलं. एकाहत्तराव्या मिनिटाला तो आत गेला आणि शेवटपर्यंत खेळला. एकोणीस मिनिटं. आई पाळीवर होती. कारखान्यातल्या बायकांनी रेडिओ मोठा केला. समालोचकाने तिच्या मुलाचं नाव दोनदा घेतलं, त्यातलं एकदा चुकीचं. पुढच्या आठवड्यात दुखापतवाला परत आला आणि जूनमध्ये क्लबने एलोयला निरोप दिला. त्या एकोणीस मिनिटांच्या मागे तो पुढे पंधरा वर्षं धावत राहिला, असं संपदाला वाटायचं. तो स्वतः मात्र असं कधी म्हणाला नव्हता.

मग खालच्या श्रेणीतले क्लब, वर्षाला एक. आणि सत्ताविसाव्या वर्षी एकदम पुणं. तिथे नव्याने निघालेल्या एका क्लबने स्पॅनिश प्रशिक्षक आणला होता आणि दुभाषी म्हणून संपदाला घेतलं होतं. ती कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन हौसेने स्पॅनिश शिकलेली. प्रशिक्षक दोन मिनिटं तोंडाचा पट्टा सोडायचा, त्यात निम्म्या शिव्या असायच्या, संपदा शांतपणे पोरांना सांगायची, "सर म्हणतायत, जरा मागे राहा." शिव्या समजणारा एलोय एकटाच. तो लांबून तिच्याकडे बघून हसायचा. सामन्यापुरतं मराठी तो तिच्याकडूनच शिकला. 'मागे ये', 'बास', 'चल चल'. लग्न दोन वर्षांनी झालं आणि त्याच जूनमध्ये फोन आला. सायप्रस.

सायप्रसनंतर पोलंड. तिथे बर्फात इरा जन्मली. मग स्पेनमधली दोन छोटी गावं, तिसऱ्या श्रेणीतले क्लब. प्रत्येक गावात पहिल्या आठवड्यात संपदा तूरडाळीचं दुकान शोधायची, आणि ते सापडून दुकानदाराशी ओळख होते न होते तोच सामान बांधायची वेळ यायची. तिच्या नोकऱ्याही तशाच सुटत गेल्या. शेवटी ती घरूनच सॉफ्टवेअर तपासायची कामं घ्यायला लागली, आणि त्यातून ऑकलंडच्या एका कंपनीने तिला कायमची नोकरी देऊ केली. बिऱ्हाड पहिल्यांदाच तिच्या कामासाठी हललं. शेजारच्या मनुरेवातल्या एका क्लबने एलोयला घेतलं. पण तिथे खेळावर पोट भरण्यासारखं नव्हतं. आठवडाभर तो सार्वजनिक मैदानांची निगा राखणाऱ्या कंत्राटदाराकडे काम करायचा. गवत कापायचं, चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाने रेषा मारायच्या. "आधी मैदान बनवतो, मग त्यावर खेळतो," असं तो सगळ्यांना सांगायचा. संघातले सामोअन आणि टोंगन गडी त्याचं ऐकून एकमेकांना 'मागे ये' म्हणून ओरडायला लागले होते. ही स्पॅनिश आहे असाच त्यांचा समज होता.

गेल्या वर्षी कायम राहायची रेसिडेन्सीही मिळाली. सगळं मार्गी लागलं असं आईला फोनवर सांगताना संपदा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहायची.

आणि यंदा जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी सातला, ती पोहे परतत असताना, फोन आला. फेर्मिन, एलोयचा जुना एजंट. स्पेनमध्ये सोमवारची रात्र होती. एलोय ओट्याला टेकून ऐकत होता. "हो. हो. अर्थात. हो."

फोन ठेवून तो म्हणाला, "इंडोनेशिया. सहा महिने. त्यांच्या लेफ्ट बॅकचा गुडघा गेलाय."

"कधी निघायचं?"

"पंधरा दिवसांत. आवडलं तर पुढचं वर्षही, असं म्हणतोय."

"बरं," संपदा म्हणाली. हे 'बरं' तिने आजवर इतक्यांदा म्हटलं होतं की त्यासाठी तिला गॅसवरून नजर काढावी लागली नाही.

त्याच दिवशी तिने कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. शाळेतून आलेली सात वर्षांची इरा दारात थबकली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीतच. "आर वी मूव्हिंग अगेन?"

"अजून काही ठरलेलं नाहीये गं."

"यू ऑलवेज से दॅट," इरा म्हणाली आणि रबरी चपला फटफटवत मागच्या अंगणात निघून गेली.

बुधवारी कामात तिचं लक्ष लागलं नाही. गुरुवारी सकाळी ट्रेनमधून शहराकडे जाताना स्टेशनमागून स्टेशन जात होतं आणि ती मनात पत्राची वाक्यं जुळवत होती. अकरा वाजता तिने राजीनामा पाठवून दिला. तिची मॅनेजर ट्रेसी खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. "तुला खात्री आहे? दोन दिवस थांबतेस का?" थांबणं तर तिला जमत नव्हतं. संपदा म्हणाली, "ठरलंय आमचं." एलोयला तिने हे सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? तो निघाला की ती निघते, हे दरवेळचंच होतं.

शनिवारी मनुरेवात सामना होता. आदल्या दिवशीच्या पावसाने मैदान चिखलाने भरलेलं. इरा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, म्हणून संपदा एकटीच चहाचा थर्मास घेऊन डाव्या रेषेशी उभी होती. समोरच्या संघाचा उजवा विंगर विशीतला, वाऱ्यासारखा. पहिल्याच दहा मिनिटांत तो एलोयच्या बाजूने निघून गेला. असं होतं कधीकधी. दुसऱ्यांदा गेला तेव्हा गोल झाला. तिसऱ्यांदा एलोयने त्याचा शर्ट धरायला हात पुढे केला आणि हातात नुसती हवा आली.

चौसष्टाव्या मिनिटाला एलोयने बाकाकडे बघून हात वर केला आणि दोन बोटं एकमेकांभोवती फिरवली. मला बदला. पोलंडमध्ये बरगडीला तडा गेलेला असताना हा माणूस पूर्ण सामना खेळला होता. आपणहून बाहेर येणं त्याने कधी केलंच नव्हतं.

"लागलं का?" प्रशिक्षक सिओने धावत आला.

"नाही," एलोय म्हणाला. "बास."

सामन्यानंतर ते घरी निघाले. गाडी पापाटोएटोच्या दुकानांच्या रांगेपाशी आली तेव्हा एलोय म्हणाला, "मी फेर्मिनला नाही म्हणून सांगणार आहे. झालं माझं, संपा. तो पोरगा गेला ना, तेव्हा मला कळलं. कुठून जाणार ते मला आधी दिसलं होतं. दिसूनही पोचलो नाही."

संपदाला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. "मी गुरुवारी राजीनामा दिलाय."

त्याने गाडी कडेला घेतली. "मला न सांगता?"

"तू मला कधी विचारलंस? सायप्रसला विचारलंस? इरा तीन महिन्यांची असताना तू फोनवर 'हो, हो' म्हणालास आणि मी तिला दुपट्यात गुंडाळून विमानात बसले. जायचं तूच ठरवणार. आता थांबायचंही तूच ठरवलंस, मैदानातच, बोटं फिरवून! माझ्याकडे एकदा बघितलंस का? मी तिथेच उभी होते, दहा पावलांवर."

"मला वाटलं तुला आनंद होईल."

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली आणि गाडीतून उतरली.

साड्यांची दुकानं, मिठाईवाला, इथे डेअरी म्हणतात ते कोपऱ्यावरचं किराणा दुकान मागे टाकत ती चालत राहिली. डेअरीवाल्याने आतून हात केला, तिने नुसती मान हलवली. रागाला शेंडाबुडखा सापडत नव्हता. नोकरी गेली म्हणून राग होता का? नव्हता. मग हळूहळू एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मंगळवारी बॅगा खाली काढल्या तेव्हा तिला हलकं वाटलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. इतकी वर्षं ती त्याच्या भटकंतीला मनातून बोल लावत आली, आणि आता राहा म्हटल्यावर तिचेच पाय ठरत नव्हते.

घरी पोचली तेव्हा तो पायरीवर बुटांचा चिखल खरवडत बसला होता. ती शेजारी बसली आणि जे वाटलं ते सांगून टाकलं. स्पॅनिशमध्ये सुरुवात केली, मध्येच मराठीत गेली, परत स्पॅनिशमध्ये आली. त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"मला एका जागी राहता येत नाही, एलोय. मला कुणी शिकवलंच नाही ते."

"मला तरी कुठे येतं?" तो म्हणाला. "चौदाव्या वर्षापासून मी दर जूनची वाट बघतोय."

"मग?"

"तू सांग. खरंच विचारतोय. जाऊ या म्हणालीस तर अजून सहा महिने ओढीन मी हे पाय."

ती गाडीची किल्ली घेऊन उठली. इराला आणायला दोघं गेले. परतताना मागच्या सीटवर इरा वाढदिवसाचं काही सांगत होती, तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी कुत्र्याचं नाव, सोमवारी कोण कुणाशेजारी बसणार ते. तिच्या बोलण्यात आठ-दहा मुलांची नावं आली. पोलंडमध्ये, स्पेनमध्ये संपदाने एवढी नावं कधी ऐकली नव्हती.

रविवारी सकाळी तिने फोन लावला आणि एलोयच्या हातात न देता स्वतःच बोलली. "फेर्मिन, एलोय येत नाहीये. आम्ही दोघांनी ठरवलंय."

"कोण बोलतंय?"

"दुभाषी," ती म्हणाली.

सोमवारी ट्रेसीने कपाळाला हात लावला. राजीनामा वरपर्यंत पोचला होता, जागेची जाहिरातही तयार झाली होती. चार दिवस निरोपांची ये-जा चालली. शेवटी नोकरी राहिली, पण जुना गट गेला. नव्या गटात, नव्या लोकांमध्ये तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. "स्वीट अ‍ॅज," नवा मॅनेजर म्हणाला, म्हणजे झकास. संपदाला ते इतकं काही गोड वाटलं नाही, तरी तिने मान डोलावली.

एलोय सप्टेंबरपर्यंत संघात राहिला. बहुतेक वेळ बाकावरच. शेवटच्या सामन्यात अखेरची बारा मिनिटं खेळला. काही विशेष घडलं नाही. दोनदा चेंडू अडवला, एकदा नीट पास दिला. शिट्टी झाल्यावर सगळ्यांशी हात मिळवून तो संघासोबत गोलच्या जाळ्या सोडवायला गेला. सिओनेने त्याला बायकांच्या संघाचं प्रशिक्षकपद दिलं. तिथे तो रेषेवर इतका येरझाऱ्या घालतो की पंचांनी त्याला दोनदा मागे ढकललंय. सकाळी अंधार असतानाच उठून स्टेशनपर्यंत धावून येतो. घरात असला की कपाटाच्या बिजागऱ्या, नळ, कुंपण, जे दिसेल ते खोलून बसतो. संपदाचंही काही वेगळं नाही. दर पंधरा दिवसांनी ती बैठकीच्या खोलीतला सोफा हलवते. इरा शाळेतून येऊन बघते आणि दप्तर नव्या जागी टाकते.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी ते हॅमिल्टनला निघाले होते. संपदाची पुण्याची मैत्रीण सुनीता आणि तिचा नवरा नितीश तिथे राहतात. नितीश तिथल्या 'ते रापा' भागातल्या दुधाच्या कारखान्यात आहे. बाराला जेवायला पोचायचं कबूल केलं होतं. अर्ध्या वाटेत एका गावाच्या कडेला मैदान दिसलं. इथे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळा, त्यात फुटबॉलचा हंगाम नसतो, पण कुणीतरी हौसेने सामना भरवला होता. वीस-पंचवीस माणसं रेषेवर, दोन कुत्री, कुणाच्या तरी गाडीचं मागचं दार उघडं. एलोयचा पाय ब्रेकवर गेला.

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

"सुनीता वाट बघतेय."

तो उतरलाही होता. संपदा गाडीतच बसून राहिली. सुनीताला उशीर होईल म्हणून कळवलं, काच खाली केली, पुन्हा वर केली. मग तीही दार उघडून गवतातून चालत त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. कोण कुणाशी खेळतंय याचा दोघांनाही पत्ता नव्हता. थोडा वेळ तिने खेळ बघितला.

"त्यांचा लेफ्ट बॅक फार पुढे उभा राहतोय," ती म्हणाली.

"हो ना," एलोय म्हणाला, "मघापासून बघतोय." आणि दोन पावलं रेषेकडे सरकून, दोन्ही हातांचा कर्णा करून, त्या अनोळखी माणसाला त्याने हाक घातली, "मागे ये! अरे, मागे ये!"