सुलतानाचं नकाशांचं कपाट

सुलताना शेख सातवीत असताना शाळेच्या नकाशांचं कपाट तिच्या ताब्यात होतं. नकाशे चौदाच. शिक्षक वर्गात न्यायचे आणि तिथंच खिळ्याला लटकवून विसरायचे. मग दुसऱ्या वर्गाला नकाशाच मिळायचा नाही. सुलतानानं नियम केला: आधीचा आणून द्या, मगच दुसरा न्या. हा नियम तिनं मलाही लावला.

"सर, आशिया कुठी हाय?"

मी निमूट पाचवीच्या वर्गात जाऊन आशिया गुंडाळून आणला होता.

२००३ साली मी निवृत्त झालो होतो आणि कुरखेड्यात तिचं एका संगणकाचं छोटं केंद्र होतं. त्या वर्षी अकरा शाळांची प्रगतिपत्रकं संगणकावर करायचं ठरलं. प्रत्येक पत्रकावर गुणांच्या रंगीत पट्ट्यांचा आलेख. ते काम सुलतानाला द्यावं म्हणून त्या शाळांचे केंद्रप्रमुख हरिदास रामटेके यांच्याकडे मीच शब्द टाकला. प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला.

निकाल एक मेला होता. एकोणतीस एप्रिलला सकाळी मी सुलतानाच्या केंद्रात गेलो तर रामटेके तिथंच बसलेले. दुपारच्या गाडीनं त्यांना सीडी घेऊन गडचिरोलीला छपाईसाठी जायचं होतं. पत्रकं आठशे चाळीस. पण दोनशे बारा झाली की दर वेळी अक्षरं वेडीवाकडी व्हायची, पट्ट्या काळ्या पडायच्या आणि सगळं थिजायचं. सगळी पत्रकं शेवटी एकदम जतन होणार होती, म्हणून हाती एकही उरत नव्हतं.

"बाई, मशीनले ऊन लागलं असंन. कांदा ठेवा वर," रामटेके म्हणाले.

"ठेवून पाह्यला भाऊ. पंखाबी लावला."

मग माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "आज नाई झालं तर मास्तर लोकं हातानंच लिहितीन. पुढच्या साली मले कोन इचारते, सर?"

मला संगणकातलं काही कळत नव्हतं. मी एवढंच विचारलं, "एका पत्रकाला लागतं काय काय?"

"दर पट्टीले रंग लागते, दर रेघेले पेन, नावाले अक्षरांचा साचा. सगळं मशीनपासून मागावं लागते. अन् त्याच्यापाशी हे मोजकंच रायते..."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"सर, आशिया!"

"काय झालं?"

"मी नुसती घेऊन राह्यली, वापस काईच देऊन नाई राह्यली. दोनशे बारा पोरायचे नकाशे खिळ्यालेच लटकून हायेत!"

पुढचा अर्धा तास ती कीबोर्डवर वाकून होती. एक पत्रक झालं की घेतलेलं सगळं परत करायचं आणि एक शाळा संपली की तेवढं जतन करायचं, असं तिनं लिहून टाकलं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

रामटेके मोठ्यानं आकडे म्हणू लागले. दोनशे अकरा. दोनशे बारा. पंख्याचा तेवढा आवाज. दोनशे तेरावं पत्रक चौथीतल्या मनकर्णा मडावीचं निघालं. गणितात एकोणतीस.

"पट्टी लहान हाय," रामटेके ओरडले, "पर काळी नाई!"

सुलताना तोंडावर ओढणी धरून हसत सुटली.

बारा वाजता सीडी तयार झाली. रामटेके गाडीच्या घाईत हात पुढे करून उभे. तिनं आधी वही पुढे सरकवली.

"सही करा भाऊ. अन् हे सीडी वापस आणून देल्याबिगर पुढच्या सालची भेटणार नाई."

त्यांनी निमूट सही केली. मला आशिया आठवला.