फिनेलने पुसलेली खोली

फिनेलचा वास आला की पाणीगेट भागातली ती खोली आठवते. च्युइंगमच्या पाकिटात निघणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांच्या कार्डांचे अनाम चित्रकार मी प्रबंधासाठी शोधत होतो. घराण्यातला मी पहिला पदवीधर. "विद्यापीठातून येतोय," असे एका दिवंगत चित्रकाराच्या पत्नीला फोनवर अभिमानाने सांगितले, पण मूळ चित्रे पाहायची आहेत हे सांगायचे राहून गेले. पोचलो तेव्हा फरशी अजून ओली होती. "बसा ना साहेब! तुम्ही येणार म्हणून सगळं आवरलं," काकू हसून म्हणाल्या. "यांच्या रंगवलेल्या कागदांचे गठ्ठेच गठ्ठे पडले होते, कालच पस्तीवाल्याला रद्दीत दिले." मी चहा प्यायलो, घर छान दिसतंय म्हणालो, आणि मग पार लहरीपुऱ्याच्या बाजारापर्यंत रद्दीची दुकाने पालथी घातली. माझ्या प्रबंधात त्या चित्रकाराच्या नावापुढे 'मूळ चित्रे उपलब्ध नाहीत' एवढेच आहे. का नाहीत, ते मी लिहिलेले नाही. काकूंनाही सांगितलेले नाही.