बिनहाताची खुर्ची

नाशिकच्या फुलबाजारात कलाबाई कुठे बसतात, असं कुणालाही विचारा. "ती खुर्चीवाली ना?" असं म्हणून माणूस बोट दाखवेल. बाकीच्या बायका पोत्यावर मांडी घालून शेवंती, झेंडू मांडतात. कलाबाई मात्र एका रुंद, बिनहाताच्या सागवानी खुर्चीत बसून हार गुंफतात. त्यांचे गुडघे गेले, खाली बसलं की उठवायला माणूस लागायला लागला, तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, पुंजानं, ही खुर्ची देवळाली कॅम्पातल्या लिलावातून आणली. कुण्या साहेबाच्या जेवणाच्या टेबलाची असावी.

कलाबाई अंगानं चांगल्या जाड आहेत. हे मी आडवळणानं सांगत नाही, कारण त्याही तसं सांगत नाहीत. रिक्षात त्या बसल्या की शेजारी फुलांची पाटी मावते, माणूस मावत नाही. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. ते वाटायला लावलं एका सभागृहानं, आणि त्याची मला अजून शिसारी येते.

मी त्यांच्याच आळीत राहतो. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी हौशी नाटकांचे दिवे लावायचे, असा माझा उद्योग. कलाबाईंना नाटकाचं भारी वेड. पूर्वी मैदानात मांडव पडायचा, मांडववाल्याच्या पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या असायच्या. दोन खुर्च्या जवळ ओढल्या की कलाबाईंची सोय झाली. मळ्यातली कामं उरकून त्या यायच्या, पदरात शेंगा असायच्या, आणि खलनायकाला त्या तिथूनच चार शब्द सुनवायच्या.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्याला गंगापूर रोडच्या बाजूला एका संस्थेनं वातानुकूलित सभागृह बांधलं. नाव घेत नाही, तोंड कडू होतं. दर्शनी भागाला संगमरवर, आत झुंबर आणि वर जायला उंच पायऱ्या, ज्यांना धरायला कठडा नाही. का, तर कठड्यानं शोभा जाते. तिकीट मैदानातल्यापेक्षा तिप्पट. वडा बाहेर मिळायचा त्याच्या दुप्पट भावात, तोही गार. बायकांची मुतारी इमारतीला वळसा घालून गाड्यांच्या मागे, आणि तिथे दिवा नाही. आमच्या आळीतल्या बायका तिथे नाटक असलं की दुपारपासून पाणीच पीत नसत. खुर्च्या मात्र मखमली. फक्त जास्त बसाव्यात म्हणून इतक्या अरुंद केलेल्या की माझ्यासारखा काटकुळाही कोपर आवरून बसे.

कलाबाई पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा खुर्चीच्या दोन हातांच्या मधे कशाबशा शिरल्या. मध्यंतरात उठायला गेल्या तर खुर्ची सोडेना. मागच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर रुमाल धरला. शेवटी मी आणि पुंजानं त्यांना ओढून काढलं. कमरेला दोन्ही बाजूंनी वळ उठले होते, ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत.

दुसऱ्यांदा त्यांनी शेजारशेजारची दोन तिकिटं काढली. मधला हात उचलता येत असेल, असा बिचारीचा समज. तो पक्का बसवलेला होता. व्यवस्थापकाकडे गेलो तर तो म्हणाला, "दोन तिकिटं काढलीत ना? मग आळीपाळीनं बसा." हे बोलून तो स्वतःच हसला आणि आजूबाजूचे दोघं-तिघंही हसले. पैसे परत मिळाले नाहीत. कलाबाई घरी आल्या आणि पुढची तीन-चार वर्षं नाटकाचं नाव त्यांनी काढलं नाही.

हे असंच राहिलं असतं. पण त्यांची भाची पल्लवी सिन्नरहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली होती, आणि तिला आमच्या मंडळाच्या नाटकात मुख्य भूमिका मिळाली. निवृत्त मुख्याध्यापिकेची. पोरगी रोज रात्री स्वयंपाकघरात वाक्यं म्हणायची आणि कलाबाई भाकरी थापता थापता चुका काढायच्या. सगळं नाटक कलाबाईंना पाठ झालं. नाट्यस्पर्धेतला त्याचा प्रयोग नेमका त्याच सभागृहात लागला.

"मी येनार," कलाबाई मला म्हणाल्या. "पोर पहिल्यांदा मोठं काम करू राहिली. मी नाय पाहिलं तर कोन पाहील?"

"आणि बसणार कुठे?"

"माझी खुर्ची हाय ना. कडंला ठेवीन. कुनाला आडवी येनार नाय."

प्रयोगाच्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून रिक्षातून आल्या. मागच्या रिक्षात पुंजा आणि खुर्ची. पुंजानं ती डोक्यावर घेऊन पायऱ्या चढवली, पाठोपाठ कलाबाई एकेका पायरीवर दम घेत चढल्या. दारात दत्तू नावाचा दारवान होता. त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली. बाहेरील खाद्यपदार्थ व वस्तू आत आणण्यास सक्त मनाई.

"आरं बाबा, खुर्ची कोन खातं?" कलाबाई म्हणाल्या.

दत्तूला हसू आलं, पण नोकरीची भीती त्याहून मोठी. त्यानं व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापक म्हणाला, वाटेत खुर्ची ठेवता येणार नाही, उद्या आग लागली तर जबाबदारी कुणाची. बोलणं ऐकायला अगदी रास्त. फक्त त्याच वेळी दोन हमाल आमच्या डोळ्यांदेखत पहिल्या रांगेपुढच्या वाटेत प्रमुख पाहुण्यांसाठी लांबलचक सोफा मांडत होते.

"सोफ्याला आग लागत नाही का?" मी विचारलं.

"ते निमंत्रित आहेत," तो म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. पण भांडत बसायला वेळ नव्हता, माझे दिवे लागायचे होते. मी म्हटलं, चला मागून. खुर्ची उचलून मी इमारतीला वळसा घातला आणि मागच्या दाराशी सांगितलं, नाटकाचं सामान. कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. खुर्ची आत गेली. मी ती उजव्या विंगेत, पडद्याच्या आडोशाला ठेवली आणि निरोप पाठवला की कलाबाईंना मागच्या जिन्यानं वर आणा. जिना लोखंडी आणि उभा. त्यांना चढायला वेळ लागला.

तेवढ्यात आमचे दिग्दर्शक यादव सर विंगेत आले. मुख्याध्यापिकेसाठी त्यांनी एक वेताची खुर्ची आणली होती, पण ती त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हती. त्यांनी सागवानी खुर्चीवर हात फिरवला, पाय ठोकून पाहिले. "अरे, हीच तर मला हवी होती," असं म्हणून त्यांनी ती स्वतः उचलून रंगमंचाच्या मधोमध ठेवली. मी तेव्हा वर दिव्यांशी होतो. खाली उतरलो तो तिसरी घंटा होत होती आणि कलाबाई जिना संपवून धापा टाकत विंगेत उभ्या होत्या.

"खुर्ची कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी सरांकडे धावलो, सांगितलं की ती या मावशींना बसायला आणली आहे, त्यांचे गुडघे गेलेत. सर म्हणाले, "घ्या हो मावशींना सांभाळून, दोन तासांचा तर प्रश्न आहे." दोन तास. मला त्या माणसाच्या तोंडाकडे पाहवेना. मी खुर्ची ओढून आणायला निघालो, तर कलाबाईंनी माझा हात धरला.

"राहू द्या भाऊ. पोर बसली तिच्यावर. तिला उठवू नका."

पडदा उघडला. पल्लवी कलाबाईंच्या खुर्चीत बसून बोलायला लागली. कलाबाई विंगेतल्या पडद्याच्या दोराच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. सरांची वेताची खुर्ची मी त्यांच्यासाठी ओढून आणली. त्यांनी तिच्या दोन हातांकडे पाहिलं आणि मान हलवली. रंगाचा एक पालथा डबा होता, पण त्यावर बसल्या असत्या तर उठल्या नसत्या. त्या जागेवरून रंगमंच तिरका आणि मागूनच दिसतो. दोन्ही अंक त्यांना खुर्चीची पाठ आणि पल्लवीचा अंबाडा एवढंच दिसलं. चेहरा एकदाही नाही. दुसऱ्या अंकात पल्लवी एक वाक्य विसरली, तेव्हा कलाबाईंनी ते विंगेतून हलकेच सांगितलं आणि पोरीनं उचललं. टाळ्या पडल्या. सोफ्यावरचे पाहुणे मध्यंतरातच निघून गेले होते.

रात्री घरी त्यांचे गुडघे सुजून टम्म झाले. पुंजा शेक देत होता आणि त्या संस्थेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मला त्या सभागृहाची किळस आली, आमच्या मंडळाची आली, आणि कलेच्या गप्पा मारणाऱ्या त्या सगळ्या जमातीची आली.

चार दिवसांनी निकाल लागला. पल्लवीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आणि नेपथ्याला दुसरं बक्षीस. एका परीक्षकानं भाषणात त्या खुर्चीचा खास उल्लेख केला. म्हणे, रिकामी असतानाही ती माणसाची वाट पाहते.

यादव सर फुलबाजारात आले तेव्हा मी तिथेच देवाचा हार घेत होतो. कलाबाई आपल्या खुर्चीत बसून शेवंती ओवत होत्या. बक्षीस समारंभाला पाहुण्यांसाठी हार हवे होते. सरांनी भाव विचारला, घासाघीस केली, आणि मग मोठ्या मनानं खिशातून एक गुलाबी कागद काढला.

"मावशी, हा तुम्हाला सन्मानाचा पास. त्याच सभागृहात, पहिली रांग. तुमच्या खुर्चीमुळे बक्षीस मिळालं आम्हाला."

कलाबाईंनी दोरा दातांनी तोडला. "बसायला काय हाय तिथं?"

"खुर्ची आहे की. मऊ, मखमली."

"हात हायेत तिला?"

"हो, दोन्ही बाजूंना. अगदी आरामाची."

कलाबाईंनी पास घेतला, पाण्याचा हात लागू नये म्हणून कडेनं धरून पाहिला आणि परत दिला.

"हा खुर्चीच्या नावानं करा सर. तिला वळखतात तिथं."

यादव सर मोठ्यांदा हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांनी पास खिशात ठेवला आणि हारात गुलाब किती येतील ते विचारलं.