देवळाबाहेरच्या चपला
बाबा मंगळवारी गेले. दारातल्या त्यांच्या चपला पाहिल्या, की मला कंबोडियातली एक दुपार आठवते. मी तेव्हा तिकडे नोकरीला होते. ती कापसाची वाईट वर्षं होती. अकोल्याजवळच्या आमच्या गावात घरोघरी सांत्वनाला जाऊन बाबा थकले होते, म्हणून मी त्यांना आणि आईला आठ दिवस बोलावून घेतलं. झाडांच्या मुळांनी वेढलेलं एक प्राचीन, पडकं देऊळ दिसताच दोघांनी बाहेरच चपला काढल्या. "आत देव नाही, बाबा," मी म्हणाले. "देव नसन, देऊळ तं हाये न!" परत निघालो तेव्हा अंगणातला दगड इतका तापला होता, की आईला पाय टेकवेना. माझ्या पायात बूट होते. मी चपला आणायला धावले, तर बाबा ओरडले, "थांब! लेकीनं मायबापाच्या चपला उचलू नाही." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा दगडावर पसरला. आई एका टोकावर उभी राही, बाबा दुसरं टोक पुढे टाकत आणि स्वतः उड्या मारत चालत. "लग्नात तं असं काही केलं नाही तुमी!" आई म्हणाली. "तव्हा तुहे पाय कुठं भाजत होते?" चपलांपाशी पोचेपर्यंत आम्ही तिघंही हसत होतो. त्यांच्या चपला अजून दारातच आहेत. मी त्या उचललेल्या नाहीत.