झऱ्यांच्या गावची शेजारीण

माझा स्वभाव संशयी आहे. नवऱ्याला ते लग्नाआधीच कळलं होतं. सासूबाईंना कळलं त्या तीन महिन्यांसाठी जर्मनीत, कोलोनला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा.

आमच्या खालच्या मजल्यावर युद्धामुळे युक्रेनहून आलेली एक साठीची बाई राहते. सासूबाईंची आणि तिची जिन्यातच गट्टी जमली. एकीला फक्त मराठी, दुसरीला युक्रेनियन, आणि मध्ये बाईचा फोन, एकीचं बोलणं दुसरीच्या भाषेत बोलून दाखवणारा. मला ही मैत्री पहिल्या दिवसापासून खटकली. सून कामाला गेली की ही बाई नेमकी जिन्यात कशी असते?

ती तिकडच्या एका झऱ्यांच्या गावची. तिथे म्हणे लोक पोटाची दुखणी घेऊन येतात आणि जमिनीतून निघणारं पाणी पितात. कोणी किती प्यायचं, जेवणाआधी किती वेळ, गरम की गार, हे सांगणारी ही म्हणे नर्स. ‘म्हणे’ मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तेव्हा यातलं अक्षरही मला खरं वाटत नव्हतं.

दर शनिवारी दोघी तासाभरावरच्या एका बाड गावाला जायला लागल्या. इथे गावाच्या नावाआधी बाड लागलं की ते औषधी पाण्याचं गाव.

“आई, ही बाई तुम्हाला तिथे काय पाजते?”

“अगं, फिरायला नेते.”

“कुठे सही वगैरे घेतली का?”

“सही कसली? बदकं दाखवते.”

मग त्यांच्या पिशवीत मला एक चिनी मातीचा चपटा पेला सापडला. त्याचा कान पोकळ, त्यातूनच पाणी ओढून प्यायचं. सासूबाई घरी कुणाच्या भांड्याला तोंड लावत नाहीत, स्वतःच्या फुलपात्रातूनसुद्धा वरून पितात. त्या दुसऱ्या बाईच्या पेल्यातून पाणी ओढतात? त्याच आठवड्यात घरच्या मशीनवर त्यांचं बीपी चढलेलं दिसलं. झऱ्याच्या पाण्यात मीठ असतं हे मी शोधून काढलंच होतं.

“तुला सगळीकडे काळंबेरं दिसतं,” नवरा म्हणाला.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” मी म्हटलं, “आणि बहुतेक वेळा ते असतंच.”

पुढच्या शनिवारी मी न विचारताच त्यांच्याबरोबर निघाले. तिथल्या दालनात नळांची रांग होती आणि सडक्या अंड्यासारखा वास. म्हातारी माणसं पेले घेऊन सावकाश येरझाऱ्या घालत होती. बाईनं स्वतःचा पेला नळाखाली भरला. सासूबाईंसाठी मात्र पिशवीतून एक बिनलेबलची बाटली काढली आणि त्यांच्या पेल्यात ओतली.

“आई, थांबा!” मी इतक्या जोरात ओरडले की येरझाऱ्या थांबल्या. बाटली हिसकावली, वास घेतला, शेवटी एक घोट प्यायले. आमच्या घरच्या नळाचं पाणी होतं.

बाई चिडली नाही. ती फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोन सपाट आवाजात मराठीतून म्हणाला, “या झऱ्यात मीठ आहे. यांना रक्तदाब आहे. मी हे पाणी देत नाही. या रोज अर्धी गोळी घेतात. मी तीन वेळा म्हटलं, सुनेला सांगा.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत होत्या.

“गोळ्यांचं एक पाकीट पुण्यातच राहिलं गं,” त्या म्हणाल्या. “जातील अर्ध्या करून, असं वाटलं. तुम्ही दोघं जेवताना रोज डॉक्टरच्या भेटीची टर्मिन मिळत नाही म्हणून वैतागता. त्यात माझी आणखी कुठे?”

मला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मला रागच येतो.

“पण मला सांगायचं ना, आई! परक्या बाईला सांगितलंत?”

“तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, गोळ्या कोणत्या घेता म्हणून,” सासूबाई म्हणाल्या. “तू रोज विचारायचीस, पण तिच्याबद्दल.”