चौकोनी सेल

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी पावणेआठला ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताई न्हाणीघरात पडली होती. दार तोडावं लागलं. मी गंगापूर रोडला तिच्या घरी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. गॅसचा गिझर आतच होता, थंडीमुळे खिडकी बंद होती. अशा जागी गिझरमधून जो वायू साचतो त्याला वास नसतो...

ताईला हे माहीत होतं. जन्मभर तिने शाळेत विज्ञान शिकवलं. बंब जाऊन गिझर आला तेव्हाच तिने सुधीरला, तिच्या मुलाला, परदेशातून एक डबी आणायला लावली. हा वायू साचला की ती डबी किंचाळते. दर वर्षी थंडी पडायच्या आधी ताई स्टुलावर चढून ती ब्रशने झाडायची आणि बटण दाबून वाजवून बघायची. खालच्या काकू विचारायच्या, "मॅडम, शाळा सुटली का?" दुसरी तिची शिस्त गावाला जातानाची. घड्याळं, रिमोट, टॉर्च, सगळ्यांतले सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरतात आणि वस्तू खराब होते. ही आमच्या आईची पद्धत. डबीतला चौकोनी सेलही त्यांतच. यंदा तिच्या गुडघ्यांमुळे स्टुलावर चढायचं काम माझ्याकडे आलं होतं. हे आम्हां दोघांनाच ठाऊक होतं.

दिवाळीनंतर ती दोन महिने सुधीरकडे बंगळूरला राहिली. परतण्याआधी तिचा फोन आला. "नंदू, घड्याळ राहिलं तरी चालेल. डबीत सेल घाल आणि वाजवून बघ. नाहीतर पुस्तक घेऊन बसशील तिथंच."

ती येणार त्या सोमवारी दुपारी मी सेल घातला. सेल उतरला होता. डबी मिनिटामिनिटाला टिकटिक करू लागली. मला ते सहन होईना. नवा आणताना नमुना हवा म्हणून मी तो काढून खिशात टाकला. कोपऱ्यावरच्या दुकानात तसला मिळाला नाही. मेन रोडला जायचा कंटाळा केला, घरी जाऊन वाचत बसलो. संध्याकाळी तिला स्टेशनवरून आणताना रिक्षात तिने विचारलं, "डबी बघितलीस ना?"

"हो," मी म्हणालो. उद्या गुपचूप आणून घालू, आज कशाला तिचं बोलणं ऐकायचं, एवढाच विचार होता. डबी आहे या भरवशावरच तिने खिडकी लावून घेतली असणार.

बाराव्याला सुधीरने डबी उघडली. आत सेल नव्हता. "मामा, आई विसरली," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. जमलेल्यांनी माना हलवल्या. वय झालं की असंच होतं, कुणीतरी म्हणालं. आयुष्यात काही न विसरलेल्या बाईला माझ्यासमोर विसराळू ठरवलं गेलं. मी चहाचा कप हातात धरून बसून राहिलो. पुढे महिनाभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं गेलं, आणि दोनदा ते मीही सांगितलं.

ताई विसरली नव्हती. हे लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, मी सुधीरला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.