सायमनदादांचा कान

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. गोष्ट तशी केवढीशी — गिटारच्या चार तारांची. पण सांगायला गेलो की जीभ जड होते. आमचे कॅथलिक शेजारी फादरपुढे गुडघे टेकून पाप कबूल करतात आणि मोकळे होतात. आमच्या चर्चमध्ये ती सोय नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

श्रीरामपूरच्या आमच्या चर्चमध्ये सायमनदादा बेस गिटार वाजवायचे — खर्जातल्या सुरांची, चार जाड तारांची. एरवी टेम्पो चालवायचे, भाजी घेऊन कोल्हार-राहुरी करत फिरायचे, आणि रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पेटीशेजारी उभे. मी त्यांच्या डावीकडे, साधी गिटार घेऊन. ती धरायला मला शिकवलं तेही त्यांनीच. आमची उपासनेतली गाणी बरीचशी भजनाच्या चालीवरची. त्यांत सूर कसा घसरत, लडिवाळपणे पुढे जायला हवा. गिटारच्या दांड्यावर धातूच्या पट्ट्या असतात, त्या नेमक्या आड येतात. दादांनी एक दिवस आपल्या गिटारच्या पट्ट्या पकडीनं उपटूनच काढल्या आणि खाचांत लाकडाचा भुसा आणि डिंक भरला. सगळे हसले. मग दादांनी वाजवलं — आणि कुणी हसेना.

अशा बिनपट्टीच्या गिटारवर सूर कुठे आहे ते फक्त कान सांगतो. दादांचा कान सगळ्या मंडळीत पक्का. त्याचा त्यांना अभिमान होता. आणि मला — आता लपवून काय करू? — मला तो थोडा खुपायचा. गाणं संपलं की लोक त्यांच्याकडे बघायचे.

एका नाताळाआधी त्यांच्या तारा गंजल्या. मी पुण्याला निघालो होतो.

"गुळगुळीतच आन बरं का," दादा म्हणाले. "चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या. खरबरीत तारा लाकूड खात्यात."

दुकानात गुळगुळीत नव्हत्या. दुसऱ्या पेठेत मिळतील, दुकानदार म्हणाला. पट्ट्या काढलेल्या गिटारला खरबरीत लावू नका, असंही त्यानं बजावलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हातात पिशव्या होत्या, पाय दुखत होते, एसटी गाठायची होती. एवढंच. मी खरबरीत घेतल्या.

दादांनी तारेवरून बोट फिरवलं. "जरा खरबरीत लागत्यात रे."

"नवीन प्रकार आहे दादा. वाजवून वाजवून गुळगुळीत होतात."

इतकं सहज कसं आलं तोंडातून? पुण्याच्या दुकानात विचारून आलेला माणूस मी. त्यांनी विश्वास ठेवला.

पुढचा पावसाळा सरेपर्यंत तारांनी लाकूड खाल्लं. भुसा भरलेल्या जागी तर खळगेच पडले. दादांचं बोट नेहमीच्या जागी पडायचं, पण सूर खरखरायचा, हलायचा. पेटी वाजवणाऱ्या ताई मागे वळून बघायला लागल्या. दादांना मान खाली घालून वाजवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एका रविवारी सगळे गेल्यावर त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. त्यांना जवळचं नीट दिसत नसे. "तारंखाली बघ जरा. लाकूड बिकूड खाल्लं का?"

मी तारांखाली बोट घातलं. खाचा बोटाला लागल्या — चांगल्या खोल. तेव्हा खरं बोललो असतो तर काय झालं असतं? दादा एक शिवी हासडून हसले असते. नव्या तारा आणल्या असत्या. बस. पण मग नाताळाआधीचं खोटंही उघडं पडलं असतं, आणि मला ते नको होतं.

"काही नाही दादा. लाकूड चांगलंय."

"मंग माझा कानच गेला म्हनायचा?"

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "वय होतंच की दादा."

मी हे म्हणालो. माझ्याच तोंडानं.

त्यांनी गिटार परत घेतली नाही. "तूच वाजव आता," म्हणाले.

घरी आणून मी सुताराकडून दांडा घासून घेतला. गुळगुळीत तारा मोबाईलवरून मागवल्या — घरपोच आल्या. इतकं सोपं होतं ते. पुढच्या रविवारी मी वाजवली आणि तिचा आवाज पूर्वीसारखाच, गोड आणि खोल, सगळ्या चर्चभर गेला. मला आनंद झाला. हो, झाला. दादा शेवटच्या बाकावरून उठून आले, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बघ. गिटारीत काय बी खोट न्हवती. वाजवनाऱ्याला कान पायजे."

"हो दादा," मी म्हणालो.

आता ते गातही नाहीत. सगळ्यांबरोबर उभे राहतात, गीतांचं पुस्तक उघडं धरतात, ओठ हलवतात. मोठ्यानं गायलो तर सगळ्यांचा सूर बिघडेल, असं त्यांनी आपल्या बायकोला सांगितलंय. मी पुढे उभा राहून त्यांची गिटार वाजवतो. येत्या रविवारीही वाजवणार आहे.